लाल लोकर बांधलेल्या शेंगा

कोकोच्या जुन्या डब्यात राखेत पुरून ठेवलेलं मटाराचं बी यंदाच्या पावसात पेरलं नाही, तर पुढच्या वर्षी ते फक्त शिजवायच्या लायकीचं उरेल, असं शेजारच्या मुथोनीच्या बाबांनी कुंपणावर कोपर टेकून सांगितलं, तेव्हा किबुची दारात उभे राहून धुकं बघत होते. लिमुरूतलं धुकं मुद्दाम उभं राहून बघावं असं काही नसतं. ते सकाळी येतं, दुपारपर्यंत चहाच्या मळ्यांवर बसून राहतं आणि संध्याकाळी घरात शिरून अंथरुणं ओलसर करतं. पण बायको न्याकिओ गेल्यापासून किबुचींना बघण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून ते धुकं बघत.

"म्हणजे बी मरेल?" त्यांनी विचारलं.

"मरेल काय, निम्मं मेलंच असेल," मुथोनीचे बाबा म्हणाले. त्यांनी सारा जन्म बस चालवली होती, त्यामुळे शेती, दुखणी आणि सरकार या तिन्ही विषयांवर ते अधिकाराने बोलत. "मागच्या मोसमात पेरायला हवं होतं. पण तेव्हा तुम्ही शोकात होतात. आता मात्र शोक थोडा बाजूला ठेवा आणि कुदळ घ्या."

किबुचींनी शोक बाजूला ठेवला नाही, पण डबा मात्र आत जाऊन उघडून पाहिला. राखेत बोट घातलं तर ठिपकेदार दाणे हाताला लागले, आणि तळाशी लाल लोकरीचा एक छोटा गुंडा. पीक तयार होऊ लागलं की न्याकिओ चांगल्या टपोऱ्या शेंगांना ही लोकर बांधत असे. त्या शेंगा बियाण्याच्या. त्यांना कुणी हात लावायचा नाही, अगदी नवऱ्यानेसुद्धा, आणि नवऱ्याने तो कधी लावलाही नव्हता.

हा मटार न्याकिओच्या आईचा. लग्न होऊन किनांगोपहून आली तेव्हा न्याकिओ तो फडक्यात बांधून घेऊन आली होती. जांभळी फुलं येत, आणि शिजल्यावर दाण्याला अशी गोडी असे की वस्तीतल्या बायका तिच्या हातचा मुकिमो खाताना बोलायच्या थांबत. मुकिमो म्हणजे बटाटे, मका आणि मटार एकत्र घोटायचे, हे सगळ्यांनाच येतं. पण तिच्यासारखा कुणाचा होत नसे. बायका बी मागून मागून थकल्या. न्याकिओ हसून म्हणायची, "नवरा मागा, देते. बी मागू नका." इतक्या वर्षांत नवरा एकीनेही मागितला नव्हता. ही गोष्ट किबुचींनी मनाला लावून घेतली नव्हती असं काही म्हणता येणार नाही.

आणि आता सून बाळंतपणासाठी घरी येऊन राहिली होती. मुलगा मुतुरी नोकरीनिमित्त मोम्बासाला, म्हणून सुनेचं, वाकोन्योचं, सगळं बघायला किबुचींची थोरली बहीण वामाइथा मोलोहून आली होती. मुलगी झाली तर तिचं नाव न्याकिओ ठेवायचं हे ठरवायची गरजच नव्हती. आपल्यात पहिल्या नातीला आजीचंच नाव जातं. किबुचींच्या मनात एवढंच होतं की न्याकिओ परत घरात येईल तेव्हा तिचा मटार घरात असायला हवा. नाहीतर ती विचारील. लहान मुलं असलं काही विचारत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, पण न्याकिओचं काही सांगता येत नसे.

किबुची निवृत्त होईपर्यंत जमीन-नोंदणी कचेरीत हेडक्लार्क होते. अर्ध्या जिल्ह्याची जमीन त्यांच्या टेबलावरून गेली होती, पण त्यातला मातीचा एक कणही टेबलावर कधी सांडला नव्हता. कचेरीचा कोट आणि टोपी घातल्याखेरीज ते दारातसुद्धा येत नसत. तर ते त्याच कोटात परसात उतरले. त्यांनी चार खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, फूटपट्टी आणली आणि वाकून एकेक दाणा समान अंतरावर ठेवू लागले.

कुंपणापलीकडून मुथोनीची आई बघत होती. ती न राहवून म्हणाली, "मुतुरीचे बाबा, मटार पेरताय की प्लॉट पाडताय?"

"पद्धत असते प्रत्येक कामाची," किबुची मान वर न करता म्हणाले.

"न्याकिओ तर चालता चालता फेकायची."

"ती गेली," किबुची म्हणाले, आणि यावर कुणालाच काही बोलता येईना. पुढे त्यांच्या लक्षात आलं की हे उत्तर कुठल्याही सल्ल्यावर चालतं, पण सारखं सारखं वापरायला त्यांना धीर होत नसे.

सल्ले मात्र थांबले नाहीत. बी दोन बोटं खोल हवं, असं मुथोनीचे बाबा म्हणाले. एकच बोट, असं चर्चच्या दारात भेटलेल्या कुणीतरी सांगितलं. वामाइथाने सांगितलं की आमच्या मोलोत बोटं मोजत नाहीत, पीक येतं. किबुचींनी सरासरी काढून दीड बोट खोल पेरलं. नवलाची गोष्ट म्हणजे बरंचसं उगवलं. हिरव्या माना वर काढलेली रोपं सरळ ओळींत उभी राहिलेली पाहून किबुचींना कचेरीतल्या सकाळच्या हजेरीची आठवण झाली आणि पुष्कळ दिवसांनी त्यांनी चहाचा दुसरा कप मागितला.

मग एक रोप जमिनीत गेलं. गेलं म्हणजे वाळलं किंवा मोडलं नाही. किबुची समोर उभे असताना ते जरासं थरथरलं आणि सावकाश खाली खाली सरकत, शेंड्यासकट, मातीत नाहीसं झालं. किबुचींनी चष्मा पुसला. शेजारचं रोपही गेलं.

"फुको!" मुथोनीचे बाबा कुंपणावरून ओरडले. फुको म्हणजे जमिनीखाली बोगदे करून राहणारा, घुशीएवढा आंधळा उंदीर. "आता तुमचा एक दाणा राहत नाही. मिरची जाळा! बिळाच्या तोंडाशी सुक्या मिरच्या जाळा आणि धूर आत फुंका. फुको दुसऱ्या तोंडाने बाहेर पडेल, मी काठी घेऊन उभा राहतो."

किबुचींनी पालथं पडून धूर फुंकला. कोटाच्या कोपरांना चिखल लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं म्हातारा बायकोसाठी जमिनीत तोंड घालून रडतो आहे, आणि ते टोप्या काढून पुढे गेले. मुथोनीचे बाबा काठी उगारून परसभर हिंडत राहिले, पण धूर कुठेच निघेना. मग त्यांच्याच स्वयंपाकघरातून किंकाळी आली. बिळाचं दुसरं तोंड चुलीशेजारी होतं. मुथोनीची आई खोकत, शिव्या देत, हातात पळी घेऊन बाहेर आली. फुको मात्र आला नाही. त्याला मिरचीची सवय असावी.

त्यानंतर मुथोनीच्या आईने किबुचींशी बोलणं टाकलं. तिच्या नवऱ्याशीही टाकलं, पण त्याला ते सोयीचं गेलं.

फुकोने एक ओळ खाऊन बाकीच्या सोडल्या. वेल वाढले आणि आता त्यांना चढायला काठ्या हव्या झाल्या. न्याकिओ काठ्या कुठून आणत असे हे किबुचींना माहीत नव्हतं. बायको घरात असताना काठ्या, मीठ, सुया अशा वस्तू असतातच, एवढंच त्यांना माहीत होतं.

"रस्त्याकडेचं ते वॅटलचं झाड आहे ना," मुथोनीचे बाबा म्हणाले, "त्याच्या फांद्या घ्या. कोण बघतंय!"

सरकारी अस्करी, म्हणजे रखवालदार, बघत होता. किबुची हातात कोयता घेऊन तोडलेल्या फांद्यांशेजारी झाडाखाली उभे असताना तो धुक्यातून असा निघाला की जणू तिथेच त्याचं घर होतं. झाड सरकारी रस्त्याच्या हद्दीत होतं. किबुचींनी त्याला हद्द म्हणजे काय हे समजावून सांगायला सुरुवात केली; आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. अस्करीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चीफच्या, म्हणजे भागाच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कचेरीत हजर राहायला सांगितलं.

चीफच्या कचेरीतला क्लार्क पोरसवदा होता. समोर उभ्या माणसाकडे न बघता बोलायची हातोटी त्याच्याकडे होती आणि ती किबुचींना नाइलाजाने आवडली.

"तुमच्या दहा घरांच्या प्रमुखाचं पत्र कुठे आहे, म्झे?" त्याने विचारलं. वयस्कर माणसाला मानाने म्झे म्हणतात.

"कसलं पत्र?"

"की हा माणूस आमच्या वस्तीतला आहे, आणि वागायला बरा आहे."

दहा घरांचे प्रमुख मुथोनीचे बाबाच होते. किबुचींनी कुंपणाशी जाऊन पत्र मागितलं. मुथोनीच्या बाबांनी घरात जाऊन चष्मा लावला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मग बाहेर आले.

"फांद्या तोडल्या हे काही बरं केलं नाहीत, मुतुरीचे बाबा."

"तुम्हीच सांगितलंत!"

"ते शेजारी म्हणून सांगितलं. प्रमुख म्हणून मला ते मुळीच पटलेलं नाही." मग जरा विरघळून ते म्हणाले, "पण वागायला बरा आहे, एवढं लिहितो."

पत्र नेलं तर चीफ बैठकीला गेले होते. पुढच्या गुरुवारी या. त्या गुरुवारी शिक्का सापडेना. त्याच्या पुढच्या गुरुवारी दोन्ही होते, पण पत्रावरची तारीख जुनी झाली होती. 'उद्या या' हे शब्द किबुचींनी जन्मभर अगदी सहज वापरले होते. त्यांना एवढं वजन असतं हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. प्रत्येक वेळी ते भिजत घरी येत आणि वेलांपाशी जाऊन उभे राहत.

वेल मात्र तोडलेल्या फांद्यांवर खुशाल चढले होते. त्यांना पत्र लागत नव्हतं. जांभळी फुलं आली, गळली, आणि शेंगा धरल्या. किबुचींनी न्याकिओची लोकर काढली आणि सगळ्यांत टपोऱ्या शेंगांना एकेक तुकडा बांधला. गाठ नीट बसेना. शेवटी चर्चच्या बुटांना बांधतात तशी बांधली. हे का करतो आहोत हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरच्या माणसांना खुलासे देत बसायची त्यांना सवय नव्हती.

शेंगांबरोबर पक्षीही आले. लांब शेपटीचे, राखी रंगाचे, उंदरासारखे फांद्यांवरून सरपटणारे. किबुचींनी हातवारे केले की ते जरासे सरकत आणि त्यांच्याकडे बघत खात राहत. मग बुजगावणं करायचं ठरलं. वामाइथाने जुनं पोतं आणून दिलं, पण पोत्याला पक्षी घाबरेनात.

"त्यांना माणूस वाटायला हवा," वामाइथा म्हणाली. "कोट दे."

"माझा कोट?"

"मग काय चीफचा मागू?"

कोट आणि टोपी गेली. काठीवर चढवल्यावर कोट एकदम भरल्यासारखा दिसू लागला. किबुचींच्या अंगावर तो इतका कधी बसला नव्हता. पक्षी खरंच यायचे थांबले. पण धुक्यात माणसं मात्र थांबू लागली. "कसं काय, म्झे किबुची?" असं रस्त्यावरून म्हणत, उत्तराची वाट बघत, आणि मान हलवून पुढे जात. स्वेटर घालून दारात उभ्या असलेल्या किबुचींकडे कुणी बघतही नसे. कोटाला मिळणारे नमस्कार ऐकत ते चहा पीत राहत. मग हळूहळू वस्तीत बोललं जाऊ लागलं, की किबुचींचं डोकं गेलं. दिवसरात्र पावसात मटारात उभे असतात, हलत नाहीत, बोलत नाहीत, बायकोची वाट बघतात.

जुलैच्या गारठ्यात वाकोन्योला मुलगी झाली. दवाखान्यातून आणलेलं ते गाठोडं वामाइथाने किबुचींच्या हातात दिलं आणि म्हणाली, "घे. तुझी बायको आली." किबुचींना काहीतरी योग्य बोलायचं होतं, पण ते एवढंच म्हणाले, "बराच उशीर केलात." न्याकिओने जांभई दिली.

आता बायका बाळ बघायला येणार, हे उघड होतं. आपापले विणलेले किओंडो, म्हणजे पट्ट्याच्या पिशव्या, भरून येणार: पीठ, केळी, साखर, बाळंतिणीला जे जे लागतं ते. किबुचींनी मनाशी ठरवलं होतं की बिनलोकरीच्या शेंगा तोडून मुकिमो करायचा, सगळ्यांना वाढायचा, आणि बी पिकायला ठेवायचं. पण बायकांनी गुरुवार धरला, आणि चीफनीही तोच गुरुवार धरला.

कोट काढून घालावा की नाही यावर किबुचींनी बराच वेळ घालवला. काढला असता तर पक्षी आले असते. ते स्वेटरवरच गेले. जन्मात पहिल्यांदाच ते सरकारी कचेरीत कोटाशिवाय शिरत होते, आणि आपण विनापरवाना असल्यासारखं त्यांना वाटत होतं.

दिवसभर बाकावर बसवून शेवटी चीफनी आत बोलावलं. चीफ दिसायला भले होते. त्यांनी पत्र वाचलं, बाजूला ठेवलं आणि आवाज खाली आणला.

"म्झे, झाडाचं जाऊ द्या. आम्ही सगळं ऐकलंय. असं पावसात उभं राहू नका. जाणारं माणूस गेलं."

"साहेब, तो मी नव्हे," किबुची म्हणाले. "तो माझा कोट आहे."

चीफनी सावकाश मान डोलावली. क्लार्कने पहिल्यांदाच वर बघितलं. "बरोबर आहे," चीफ फार मायेने म्हणाले. "तो कोट आहे. आता तुम्ही घरी जा. ए, म्झेंना फाटकापर्यंत सोडून ये रे."

गुन्हा माफ झाला होता, पण असा माफ होण्यापेक्षा दंड झाला असता तरी चाललं असतं. ओठ आवळून किबुची घरी आले. घरात बाळंतिणीच्या पेजेचा वास होता आणि कोपऱ्यात पिठाच्या पिशव्या, केळ्यांचे घड रचलेले होते. ते तसेच मागल्या दाराने परसात गेले. कोट जागच्या जागी उभा होता. त्याच्या भोवती वेल होते आणि वेलांवर पानं होती. शेंग एकही नव्हती. हिरवी नाही, पिकली नाही, लोकरीची तर नाहीच.

"वामाइथा!"

वामाइथा बाळाला खांद्यावर घेऊन आली. "ओरडू नकोस, आत्ता झोपलीय."

"शेंगा कुठायत?"

"दिल्या."

"दिल्या?"

"मग? बायका किओंडो भरून घेऊन आल्या. भरून आलेला किओंडो रिकामा परत करू होय मी? आपल्या घराचं नाव काय राहिलं असतं? घरात देण्यासारखं दुसरं होतं काय, तुझ्या जुन्या फायली? सगळ्यांच्या किओंडोत शेंगा घातल्या. पुरल्या नेमक्या. आणि तू खुणा करून ठेवल्या होत्यास ते बरं झालं. त्या आधी तोडल्या."

"ती खूण तोडण्यासाठी नव्हती," किबुची म्हणाले. "न तोडण्यासाठी होती."

"मग सांगायचं होतंस की! तोंड काय पक्ष्यांनी नेलं होतं?"

किबुची ओल्या मातीवर बसले. न्याकिओ इतकी वर्षं किओंडो परत करताना केळी घालत असे, अंडी घालत असे, पण शेंगेचं सालही कधी कुणाच्या किओंडोत गेलं नव्हतं. आणि आपल्या एका मोसमात सगळं गेलं. त्यांना इतकं वाईट वाटलं की ते वामाइथावर रागवायचंही विसरले.

दुसऱ्या दिवशी कोट उतरवून, झटकून, ते अंगात घालून घरोघरी निघाले. दिलेली वस्तू परत मागायला जाणं यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही, आणि ती मागता येऊ नये अशी वस्तीची व्यवस्थाही चोख होती. दारात पाऊल पडताच बायका उठून आत बसवत. बोलायला तोंड उघडलं की समोर थाळी येई. थाळीत मुकिमो.

"खा ना, तुमचाच मटार आहे!"

किबुचींनी पहिल्या घरी खाल्लं. ती चव बरोब्बर तीच होती, आणि घास गिळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरवालीने आणखी वाढलं. दुसऱ्या घरी खाल्लं. तिसऱ्या घरी पोट आणि दु:ख दोन्ही गळ्याशी आली.

"लोकर बांधलेल्या काही शेंगा होत्या..." ते प्रत्येक ठिकाणी चाचरत विचारत.

"अगोबाई! त्याही गेल्या हो पातेल्यात. आम्हाला काय माहीत!" असं प्रत्येक बाई म्हणाली, आणि म्हणताना प्रत्येक बाई खिडकीबाहेर बघत होती. किबुचींना वाटलं, बाहेर कुणी आलं असेल.

शेवटी ते मुथोनीच्या आईकडे गेले. मिरचीच्या धुरानंतर तिने पहिल्यांदाच त्यांना आत घेतलं. चुलीजवळ जमिनीवर लाल लोकरीचा तुकडा पडला होता. गाठीसकट; चर्चच्या बुटाची गाठ. किबुची त्याकडे बघत राहिले.

"लोकर चांगली पेटते," मुथोनीची आई म्हणाली आणि तो तुकडा पायाने चुलीत सारला. "मुकिमो वाढू?"

"वाढा," किबुची म्हणाले. आता काहीच उरलं नव्हतं. मुकिमो खायलाही हरकत नव्हती.

घरी येऊन त्यांनी कोकोचा डबा उघडला. तळाशी राख होती. तिच्यात बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, झाकण लावलं आणि डबा फळीवर परत ठेवला. फेकून द्यायला हात झाला नाही.

ऑक्टोबरचा छोटा पाऊस आला तेव्हा किबुचींनी काही पेरलं नाही. मुथोनीच्या बाबांनी कोबीचं सुचवलं, पण किबुचींनी 'ती गेली' म्हटलं. कोबीचा आणि तिचा संबंध काय, हे विचारायला मुथोनीच्या बाबांना जमलं नाही. परसात फक्त फुको होता आणि त्यालाही करमत नसावं. किबुची पुन्हा दारात उभे राहून धुकं बघू लागले. फरक एवढाच, की आता खांद्यावर नात असे, आणि ती धुक्याकडे बघून लाळ गाळी.

डिसेंबरात एका सकाळी धुकं लवकर उठलं. ऊन पडलं. कुंपणावरून एक वेल आपल्या बाजूला झुकल्याचं किबुचींना दिसलं. वेलाला फूल होतं, जांभळं.

त्यांनी कुंपणाशी जाऊन पलीकडे पाहिलं. मुथोनीच्या आईच्या परसात, तिने कुणाला सहज दिसू नये म्हणून मक्याच्या आड लावलेला, एक आख्खा वाफा जांभळा झाला होता. किबुची नातीला घेऊन रस्त्यावर आले. पहिल्या घरी मोरीमागे, दुसऱ्या घरी कोंबड्यांच्या खुराड्यामागे, तिसऱ्या घरी तर चक्क छपरावर, फुटक्या घमेल्यात. सगळीकडे तीच फुलं. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. खिडक्यांचे पडदे हलत होते आणि बाहेर कुणी येत नव्हतं.

किबुचींना आधी प्रचंड राग आला. या सगळ्या बायकांनी त्यांना मुकिमो चारून, तोंडावर खोटं सांगून, लोकर चुलीत घालून, न्याकिओने इतकी वर्षं न दिलेलं बी एका दुपारी नेलं होतं. मग ते पुन्हा फुलांकडे बघू लागले, आणि राग कुठे गेला ते त्यांना कळलं नाही. न्याकिओ वस्तीभर होती. फक्त त्यांच्याच घरी नव्हती.

शेंगा भरेपर्यंत त्यांनी वाट बघितली. मग एका दुपारी न्याकिओचा किओंडो खुंटीवरून काढला. त्यात पाव ठेवला, साखर ठेवली, चहाची पुडी ठेवली, आणि कोट-टोपी घालून तो हातात घेतला.

वामाइथा बघतच राहिली. "बाई आहेस का तू? किओंडो घेऊन कुठे निघालास? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सगळं म्हणून झालंय," किबुची म्हणाले.

किओंडो पुरुषाने धरायचा कसा हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्याचा पट्टा बायका कपाळावर घेतात. तेवढी त्यांची तयारी नव्हती. त्यांनी तो फायलीसारखा काखेत मारला. कुंपणापासून दारापर्यंतचं अंतर ते काय, पण वाटेत त्यांना वस्तीतलं प्रत्येक माणूस भेटलं आणि प्रत्येकाने आधी किओंडोला आणि मग त्यांना नमस्कार केला.

मुथोनीच्या आईने दार उघडलं. किबुचींनी किओंडो पुढे केला. तिने तो घेतला. आत डोकावून पाहिलं: पाव, साखर, चहा. मग तिने किबुचींच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. भरून आलेला किओंडो. तिला तो रिकामा परत देता येत नव्हता, आणि काय घालायचं हे दोघांनाही माहीत होतं.

"बसा," ती म्हणाली.

किबुची बसले. ती आत गेली, बराच वेळ आतच राहिली. परसात पावलं वाजली. मुथोनीचे बाबा खुर्चीत बसून छताचं निरीक्षण करत होते. या बाबतीत त्यांच्याजवळ शेजारी म्हणूनही सल्ला नव्हता आणि प्रमुख म्हणूनही.

ती आली. किओंडो केळ्यांनी वरपर्यंत भरलेला होता. किबुची हिरमुसले. न्याकिओही केळीच घालत असे. ते उठले, आभार मानले आणि किओंडो उचलला.

"सांभाळून घ्या," ती म्हणाली. "खाली नाजूक आहे."

त्यांनी केळी बाजूला सारली. तळाशी वाळत आलेल्या शेंगा होत्या, टपोऱ्या, आणि प्रत्येकीला लाल लोकर बांधलेली. नवी लोकर होती. ती विकत आणावी लागली असणार. गाठ मात्र साधी, बायकी, घट्ट बसलेली.

"ती मला कधी देती ना, तर मी नसतं चोरलं," मुथोनीची आई भिंतीकडे बघत म्हणाली. "दर वर्षी मागायचे. नवरा माग म्हणायची मेली. आता कुणाकडे मागू?" तिने डोळे पुसले आणि एकदम कडक झाली. "आणि एक ऐका, मुतुरीचे बाबा. हे बी आणखी कुणाला देऊ नका हं. या वस्तीतल्या बायकांचा काही भरवसा नाही."

किबुचींनी तसा शब्द दिला.

घरी येऊन ते पायरीवर उन्हात बसले, डबा जवळ घेतला आणि एकेक शेंग सोलून दाणे राखेत टाकू लागले. मांडीवरची न्याकिओ बघत होती. तिने हात लांबवून लोकर बांधलेली एक शेंग पकडली आणि मुठीत घट्ट आवळली.

"दे बरं," किबुची म्हणाले. "बी आहे ते. आजोबांना दे."

तिने मूठ छातीशी धरली. त्यांनी हळूच एक बोट सोडवायचा प्रयत्न केला, तर तिने भुवया जवळ आणून त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांचा हात आपोआप मागे आला. ती नजर त्यांच्या चांगली ओळखीची होती. किबुची वर्षभरात पहिल्यांदाच मोठ्याने हसले. वामाइथा काय झालं म्हणून दारात आली.

"देत नाही," किबुचींनी डोळे पुसत सांगितलं. "बघ ना. काही केल्या देत नाही."